हमीदा बानू : कुस्ती, तिकीट आणि वारसा

मे 1954 च्या आरंभी बडोद्यात एक कुस्ती झाली. ती 1 मिनिट 34 सेकंद चालली. हमीदा बानू या महिला पैलवानाने बाबा पैलवान या पुरुष मल्लाला चीत केले. पंचांनी निकालाबरोबर आणखी एक घोषणा केली : बाबा पैलवान आता हमीदा बानूंशी विवाह करण्याच्या शर्यतीतून बाद झाले आहेत. वृत्तसंस्थांनी ही बातमी परदेशापर्यंत पोहोचवली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत हमीदा बानूंनी जाहीर केले होते की, जो पुरुष त्यांना कुस्तीत हरवील त्याच्याशी त्या लग्न करतील. स्वयंवराचा पण वधूचा बाप लावतो, असे कथापुराणांतून ऐकलेल्या लोकांपुढे वधूनेच पण लावला होता आणि त्याची तिकिटेही विकली जात होती.

हमीदा बानूंना भारतातील पहिली व्यावसायिक महिला पैलवान मानले जाते. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूरचा. कुस्तीचे शिक्षण अलीगढला सलाम पैलवान यांच्या हाताखाली झाले आणि ‘अलीगढची ॲमेझॉन’ हे बिरुद वर्तमानपत्रांनी त्यांना तिथूनच चिकटवले. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक गाजलेले प्रसंग मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि बडोदा या पट्ट्यातले आहेत आणि आयुष्याचा शेवट कल्याणचा आहे. म्हणून महाराष्ट्रातील कुस्तीच्या इतिहासात त्यांना बाजूला ठेवता येत नाही, जरी तो इतिहास लिहिणाऱ्यांनी बराच काळ तसे केले असले तरी.

ही कारकीर्द समजून घ्यायची तर आधी तिच्या भोवतीची कुस्ती पाहावी लागते. दक्षिण महाराष्ट्रात तालीम हे गावाचे दुसरे देऊळ. आत मारुतीची मूर्ती, मधोमध तेल, ताक, लिंबू आणि हळद घालून मुरवलेल्या लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेले मुद्गल, पहाटेपासून जोर-बैठकांचा घुमणारा आवाज. पैलवानकी म्हणजे ब्रह्मचर्य अशी समजूत होती आणि लंगोटाचा पक्का हा मल्लाचा मोठा सन्मान होता. अशा हौद्यात बाईने उतरणे हा विटाळ समजला जाई. बाईच्या ताकदीचे प्रदर्शन लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याची जागा सर्कशीचा तंबू होती. छातीवर दगड फोडणाऱ्या, दातांनी वजन उचलणाऱ्या बायकांना टाळ्या मिळत. शक्तीचे प्रयोग करणारे कलावंत स्वतःच्या नावाआधी ‘प्रोफेसर’ लावत, त्यात बायकाही होत्या. सर्कशीतली बाई मात्र वस्तू उचलत होती. हमीदा बानूंनी थेट पुरुषाच्या मानेवर हात टाकला, आणि वाद पेटला तो तिथे.

दुसरी गोष्ट पैशाची. कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले, ते 1912 मध्ये सुरू झाले. दूरदूरचे मल्ल त्यांनी आश्रयाला ठेवले. बडोद्याच्या गायकवाडांनीही मल्लविद्येला हात सैल ठेवला. 1949 मध्ये ही दोन्ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि पैलवानांच्या खुराकाचा भार उचलणारे दरबार संपले. आश्रय गेला तेव्हा तिकीट आले. बंदिस्त मैदानात, जाहिरात करून, आसनांचे दर ठरवून लावलेल्या कुस्त्या हा शहरांतला धंदा बनला. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये किंगकाँग आणि दारासिंग यांच्या फ्री-स्टाइल कुस्त्यांना याच काळात गर्दी लोटली. दरबाराला उत्तम पैलवान हवा असतो, तर तिकीटखिडकीला न पाहिलेली जोड. पुरुषाविरुद्ध बाई ही जोड कोणीच पाहिलेली नव्हती.

ही खिडकी हमीदा बानूंना स्वातंत्र्यापूर्वीच सापडली होती. 1944 मध्ये मुंबईत गूंगा पैलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे 20,000 माणसे जमल्याची नोंद ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने केली आहे. गूंगा पैलवानाने ऐनवेळी जादा पैसे आणि तयारीला जादा वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. या प्रसंगात कुस्ती झालीच नाही, तरीही त्यातून बरेच कळते. माणसे नुसती कुतूहलाने डोकावून गेली नव्हती. पैसे मोजून आली होती आणि फसवणूक झाल्यावर संतापली होती.

1954 हे वर्ष या कारकिर्दीचा कळस ठरले. लग्नाचा पण जाहीर झाल्यावर हमीदा बानूंनी पतियाळाच्या एका आणि कलकत्त्याच्या एका मल्लाला हरवले, आणि मे महिन्यात त्या वर्षातल्या तिसऱ्या कुस्तीसाठी बडोद्याला आल्या. शहरात गाड्यांवर फलक लावून जाहिरात फिरवली गेली. पुढे खो-खोतील अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरलेले बडोद्याचे सुधीर परब तेव्हा लहान होते. त्या जाहिरातीची आठवण त्यांनी उतारवयातही सांगितली आहे. कुस्ती आधी छोटे गामा पैलवान यांच्याशी ठरली होती. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या या मल्लाने बाईशी लढणार नाही असे सांगून ऐनवेळी माघार घेतली आणि त्यांच्या जागी बाबा पैलवान उतरले.

त्या वेळचा राजकीय नकाशाही ध्यानात घेण्याजोगा आहे. बडोद्यापासून कोल्हापूरपर्यंतचा सारा मुलूख तेव्हा एकाच मुंबई राज्यात होता, म्हणून या साऱ्या मैदानांचा शेवटचा निवाडा मुंबईच्या सचिवालयात होई.

हमीदा बानूंच्या शरीराचे वर्णन त्या काळच्या बातम्यांनी हिशेबनीसाच्या काटेकोरपणे केले आहे. उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो. रोजचा खुराक : 5.6 लिटर दूध, 2.8 लिटर सूप, 1.8 लिटर फळांचा रस, एक कोंबडी, जवळपास एक किलो मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, 6 अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी. दिवसाचे नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. दूध, बदाम, लोणी हे कोणत्याही तालमीतल्या मल्लाच्या ओळखीचे. हे आकडे जाहिरातीच्या सोयीने थोडे फुगवलेले असणे शक्य आहे, कारण पैलवानाचा खुराक हीही एक जाहिरातच असते. सहा तासांची मेहनत मात्र जाहिरातीने भागत नाही. 108 किलोचे अंग मातीत चपळाईने फिरवायचे तर रोजच्या जोर-बैठकांवाचून गत्यंतर नाही.

आता प्रश्न राहतो खरेपणाचा. कुस्तीच्या भाषेत ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. हार-जीत आधी ठरते, मिळकत वाटून घेतली जाते आणि प्रेक्षकांना चार डाव दाखवून घरी पाठवले जाते. याच्या उलट ‘काटा कुस्ती’, म्हणजे जिथे दोन्ही पैलवान एकमेकांना जराही सूट देत नाहीत. हमीदा बानूंच्या कुस्त्या यांपैकी कोणत्या, यावर त्यांच्या हयातीतच दोन तट पडले. त्या पुरुष मल्लांसारख्याच लढत, असे लिहून ठेवणारे आहेत. प्रतिस्पर्ध्याशी आतून ठरलेले असे, असे म्हणणारेही आहेत.

बडोद्याचीच कुस्ती जवळून पाहिली तर हा प्रश्न उभा राहतो. मातीवर जुन्या जंगी कुस्त्यांना घड्याळ नसे. सलामी, हाताला हात, मग खडाखडी : मानेवर थाप मारून समोरच्याचा तोल आणि दम अजमावण्याचा खेळ. तोडीस तोड जोड असेल तर यातच पाच-दहा मिनिटे सहज जातात. त्यानंतर कोणी पट काढायला वाकतो, कोणी ढाक लावू पाहतो, एखादा खाली बसून घिस्स्याची वाट पाहतो. 94 सेकंदांत निकाली कुस्ती होते ती तीन कारणांनी : जोड विजोड असेल, एखादा डाव पहिल्याच झटक्याला बसला असेल, किंवा सारे आधीच ठरलेले असेल. यांपैकी काय घडले हे नुसत्या वेळेवरून सिद्ध होत नाही. हाच नियम पुरुषांनाही लावायला हवा; एका मिनिटात अस्मान दाखवणाऱ्या पुरुष मल्लाच्या वाट्याला शंकेऐवजी शिट्ट्या आणि फेटे येतात.

हमीदा बानूंच्या वाट्याला दगड आले. कोल्हापूरला त्यांनी शोभासिंग पंजाबी या मल्लाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी आधी हुर्यो उडवली, मग दगडफेक केली. पोलिसांना मध्ये पडावे लागले. कोल्हापूरचा प्रेक्षक डाव ओळखतो, तो फसवणुकीवर चिडला असे म्हणता येते. पुरुषाची पाठ लागलेली त्याला पाहवली नाही, असेही म्हणता येते. बहुधा दोन्ही गोष्टी एकाच गर्दीत शेजारी शेजारी बसल्या होत्या. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तर स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे होऊच शकली नाही.

हमीदा बानूंच्या कुस्त्यांवर बंदी आल्यावर त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. देसाईंचे उत्तर नोंदवले गेले आहे : ही बंदी बाई म्हणून घातलेली नाही, आयोजक त्यांच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत. या उत्तरात ठपका आयोजकांवर आहे आणि शिक्षा पैलवानाला. नुरा कुस्ती ही त्या काळच्या तिकिटाच्या कुस्तीला लागलेली सर्वसाधारण कीड होती, फ्री-स्टाइलच्या पुरुष मल्लांवरही तोच आरोप होई. तरी संशयाचा भार हमीदा बानूंवर जास्त पडला. त्यांच्या बाजूने बोलायला ना तालीम होती, ना संघटना, ना दुसरी महिला पैलवान जिच्याशी जोड लावून खरे-खोटे करता आले असते.

तशी जोड परदेशातून आणली गेली. 1954 मध्येच मुंबईत ‘रशियाची मादी अस्वल’ म्हणून गाजावाजा झालेल्या वेरा चिस्टिलिन यांना हमीदा बानूंनी मिनिटभराच्या आत हरवले. तोवर आपण 320 कुस्त्या लढलो आणि सगळ्या जिंकलो, असा त्यांचा दावा होता. याच सुमारास त्यांनी युरोपात जाऊन तिथल्या मल्लांशी लढण्याचे जाहीर केले. कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या उर्दू कथेत 1954 मध्ये मुंबईत भरलेल्या कुस्त्यांचा आणि हमीदा बानूंचा उल्लेख येतो. कुस्तीच्या फडापासून लांब असलेल्या वाचकांच्या घरांतही हे नाव पोहोचल्याची ही खूण.

युरोपचा प्रवास झाला नाही. हमीदा बानू कुस्तीच्या बातम्यांतून जवळजवळ एकाएकी दिसेनाशा झाल्या. कुटुंबातील पुढच्या पिढीने सांगितलेली हकिगत अशी की, युरोपला जाण्याला सलाम पैलवान यांचा विरोध होता आणि त्यांनी केलेल्या मारहाणीत हमीदा बानूंचे हात मोडले. कल्याणच्या एका शेजाऱ्याच्या आठवणीत त्यांचे पायही जायबंदी झाले होते आणि पुढे बरीच वर्षे काठीशिवाय चालणे अवघड होते. सलाम पैलवान आणि त्यांचे नाते नेमके काय, यावरही दोन्हीकडच्या नातलगांत एकमत नाही. कल्याणला हमीदा बानूंचा दुधाचा धंदा होता. उतारवयात तो पुरेनासा झाला तेव्हा रस्त्याकडेला घरी केलेले खाद्यपदार्थ विकून त्यांनी दिवस काढले. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. जी बाई रोज साडेपाच लिटर दूध पिते म्हणून छापून आले होते, तिने पुढची कित्येक वर्षे दूध विकले.

या कारकिर्दीचे मोल ठरवायला जपानचे उदाहरण उपयोगी पडते, कारण तिथेही 1954 हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या मिल्ड्रेड बर्क सहकारी महिला मल्लांसह जपानच्या दौऱ्यावर गेल्या आणि त्यांच्या कुस्त्यांनी तिथल्या महिला कुस्तीला चालना दिली. तिथेही ही कुस्ती आधी गंमतीचा, थोडा चावट असा खेळ समजली गेली. फरक पुढे पडला. 1968 मध्ये मात्सुनागा बंधूंनी महिलांच्या कुस्तीची स्वतंत्र कंपनी काढली. मुलींना निवडायचे, राहायला जागा द्यायची, शिकवायचे, गावोगाव दौरे करायचे आणि दूरचित्रवाणीवर कुस्त्या दाखवायच्या, असा रीतसर कारभार बसवला. सत्तरच्या दशकात जॅकी सातो आणि माकी उएदा यांची ‘ब्यूटी पेअर’, ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांची ‘क्रश गॅल्स’ ही जोडी घराघरांत पोहोचली. त्यांचा प्रेक्षक मुख्यतः शाळकरी मुलींचा होता आणि पुढच्या पैलवान त्याच मुलींतून घडल्या.

हा कारभार दयाळू होता असे नाही. दारू, तंबाखू आणि पुरुष या तिन्हींना मुलींना मनाई होती. पंचविशी-सव्विशी उलटली की निवृत्त व्हावे लागे. पण शिकवण्याची साखळी तयार झाली. मानामी टोयोटा 1987 मध्ये मैदानात उतरल्या आणि 3 नोव्हेंबर 2017 रोजी, तीस वर्षांनी, निवृत्त झाल्या. चिगुसा नागायोंनी स्वतःची संस्था काढली. तिथे तयार झालेल्या मेइको सातोमुरा 1995 मध्ये पहिली कुस्ती लढल्या, पुढे त्यांनी सेंदाई शहरात महिलांची संस्था उभी केली आणि 2025 मध्ये निवृत्त होईपर्यंत नव्या मुली घडवल्या. 2005 मध्ये मात्सुनागांची मूळ कंपनी बंद पडली, तरी महिला कुस्ती बंद पडली नाही.

तिथे निकाल आधी ठरलेला असतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्याचा त्याला राग येत नाही. नाटकात खलनायक हरणार हे माहीत असूनही प्रेक्षक तिकीट काढतो, तसेच हे. मुंबई राज्यात मात्र कुस्ती काटा असल्याचे सांगून विकली जाई आणि नुरा निघाली की दगड पडत. हमीदा बानू या दोन जगांच्या सीमेवर उभ्या होत्या. खेळाडू म्हणून त्यांना स्पर्धा नव्हती आणि कलावंत म्हणून कंपनी. उरला तो एक वस्ताद आणि काही ठेकेदार. त्यांची कीर्ती त्यांच्याबरोबर संपली, याचे मुख्य कारण हे.

महाराष्ट्रातील आजची महिला कुस्ती त्यांच्या वाटेने आलेली नाही. ती मातीऐवजी मॅटवरून, तिकिटाऐवजी क्रीडा संघटनांमार्फत आली. महिलांची जागतिक अजिंक्यपद कुस्ती स्पर्धा 1987 मध्ये सुरू झाली आणि 2004 मध्ये अथेन्सला महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. साक्षी मलिक यांनी 2016 मध्ये रिओला कांस्यपदक जिंकले, ते भारतीय महिला कुस्तीचे पहिले ऑलिंपिक पदक. कोल्हापूर जिल्ह्यात वडणग्याची रेश्मा माने, मुरगूडच्या तालमीत तयार झालेली नंदिनी साळोखे अशा मुली राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्या. ज्या जिल्ह्यात बाईने पुरुषाला हरवले म्हणून दगड पडले होते, तिथे बाप मुलीला पहाटे तालमीत सोडायला जाऊ लागला.

या बदलानंतरच हमीदा बानूंची आठवण परत आली. क्रीडा-इतिहासकार रणजय सेन यांनी भारतीय खेळांच्या इतिहासात त्यांच्या कुस्त्यांची दखल घेतली, वर्तमानपत्रांनी कल्याणला जाऊन माहिती गोळा केली आणि 4 मे 2024 रोजी, बडोद्याच्या कुस्तीची बातमी गाजली त्याला 70 वर्षे झाली तेव्हा, गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले. या पुनर्शोधात एक धोकाही आहे. 320 विजय, मिनिटाभरातले निकाल, बिर्याणीच्या थाळ्या या गोष्टी जाहिरातीतून उचलून जशाच्या तशा पराक्रम म्हणून सांगितल्या जातात. हमीदा बानूंचे मोठेपण त्या आकड्यांवर अवलंबून नाही. काही कुस्त्या नुरा निघाल्या तरीही एक गोष्ट उरते : ज्या काळात बाईला हौद्याच्या काठावरही जागा नव्हती, त्या काळात एका बाईने पैलवानकी हा आपला धंदा म्हणून निवडला, पुरुषांच्या बरोबरीने त्याची किंमत लावली आणि बंदी आली तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्र्याला जाब विचारला.

24 मार्च 2023 रोजी सांगलीत पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम कुस्ती झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा मिळवली. समोर बरोबरीची महिला मल्ल होती, गुण मोजायला पंच होते आणि निकालावर कोणी दगड मारला नाही. कुस्ती लढण्याच्या ज्या परवानगीसाठी हमीदा बानूंना सरकारदरबारी दाद मागावी लागली होती, ती या दोघींपैकी कोणालाही मागावी लागली नाही.